पकडपटूचा पेशा

कबड्डीच्या सात जणांत नाव होते ते चढाई करणाऱ्याचे. उरलेले बहुतेक गडी आत आलेल्याला परत न जाऊ देण्यासाठी मैदानात उभे असतात. वर्तमानपत्रे त्यांना पकडपटू किंवा बचावपटू म्हणतात. दोन टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या आतल्या बाजूला दोन ‘इन’, मग दोन ‘कव्हर’ म्हणजे मध्यरक्षक आणि सर्वांच्या मधोमध सेंटर अशी ही रांग लागते. या रांगेत उभे राहून पोट भरणाऱ्या माणसांचा महाराष्ट्रातला इतिहास साधारण शंभर वर्षांचा आहे. आधी मंडळ, मग कंपनी आणि शेवटी लिलाव अशा तीन टप्प्यांतून तो गेला. चढाईपटूंची चरित्रे सर्वांना ठाऊक असतात. पकडपटूची कारकीर्द समजून घ्यायची तर मात्र त्याला नोकरी कोणी दिली, त्याचा संघ कितीदा बदलला आणि त्याच्या शेजारी कोण उभा होता, हे पाहावे लागते.

कबड्डीच्या गुणपद्धतीतच पकडपटूवर अन्याय आहे. चढाईपटू एका दमात दोन-तीन गडी मारून परतला तर तेवढे सगळे गुण त्याच्या नावावर चढतात. पकडीला मात्र गुण एकच. तीन किंवा त्याहून कमी गडी मैदानात असताना केलेली ‘अव्वल पकड’ असेल तर दोन. चार जणांनी मिळून एकाला दाबला तरी आकडेवारीत ती पकड ज्याने पहिला हात घातला त्याच्या नावावर जाते. पकड सुटली तर हिशेब उलटा होतो. चढाईपटूला स्पर्श झालेला प्रत्येक गडी बाद होतो आणि घाईने घातलेला एक हात तीन जणांना बाहेर काढतो. म्हणून चांगला पकडपटू सामन्यातल्या बहुसंख्य चढायांत काहीच करत नाही. तो सरकतो, जागा धरतो, शेजाऱ्याचा हात सोडत नाही. त्याचे हे न करणे मोजण्याची सोय अजून कोणत्याही गुणफलकात नाही.

एक चढाई कोपऱ्यातून पाहिली की हे काम नीट कळते. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला त्याचा अर्धा भाग येतो. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्या पुढे १ मीटरवर बोनस रेषा. चढाईपटूला ३० सेकंद मिळतात. पहिली दहा-बारा सेकंदे तो निदान रेषेच्या आसपास खेळत राहतो आणि बचावाची सगळी रांग त्याच्याबरोबर डावी-उजवी होते. कोपरारक्षक त्याच्या डोळ्यांकडे पाहत नाही, पायांकडे पाहतो. समोर सहा किंवा सात गडी असतील तर बोनसचा गुण घेता येतो, पण त्यासाठी एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत असावा लागतो. तेवढा एक क्षण चढाईपटूचा सगळा भार एका पायावर असतो. कोपऱ्यातला गडी त्याच क्षणाची वाट पाहत असतो. तो गुडघ्यातून खाली जातो, दोन्ही हात घोट्यावर पडतात आणि पाय जमिनीवरून उचलून छातीशी ओढला जातो. हा दुहेरी पट. पण यानंतरचे अर्धे काम त्याचे नसतेच. घोटा धरलेला चढाईपटू पूर्ण ताकदीने मध्यरेषेकडे झेप घेतो, तेव्हा कव्हरने येऊन त्याला कमरेत अडवले नाही तर पट काढणारा त्याच्याबरोबर फरफटत जातो आणि बाद होतो. कव्हर किती अंतरावर आहे, तो पकडीच्या आधी हलतो की नंतर, त्याचा कोणता खांदा पुढे येतो, हे कोपरारक्षकाला मान न वळवता ठाऊक असावे लागते. ही जाण महिन्यांच्या आणि वर्षांच्या सहवासाने येते. या पेशाचे खरे भांडवल तेच आहे, आणि पेशाच्या शेवटच्या टप्प्यात सर्वात जास्त धक्का त्यालाच बसला.

या खेळाला आजचे रूप महाराष्ट्रात मिळाले. हुतूतू या नावाने तो गावोगाव खेळला जाई, पण नियम गावागणिक वेगळे होते. १९१८ मध्ये साताऱ्यातील काही मंडळींनी त्याला नियमांची चौकट देण्यास सुरुवात केली. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत हाही खेळ होता. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याला स्थान मिळाले, १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला आणि १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा पार पडली. पुढे महाराष्ट्रात आणि देशभर खेळाची संघटना बांधण्यात शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा वाटा सर्वात मोठा. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

नियम ठरताना संजीवनी, गामिनी आणि अमर हे तीन प्रकार प्रचारात होते. अमरमध्ये बाद झालेला गडी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजले जात. गामिनीत बाद झालेला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. संजीवनीत मात्र प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला की आपला एक बाहेर बसलेला जिवंत होऊन आत येतो. अखेर संजीवनी सर्वमान्य झाली आणि पकडपटूची किंमत त्या दिवशी वाढली. कारण आता त्याच्या एका पकडीने गुण मिळे, समोरचा चढाईपटू बाहेर जाई आणि स्वतःचा एक गडी परत येई. गुणफलकावर पकड एकच दिसली तरी सामन्याच्या तोलावर तिचा परिणाम तिप्पट होतो. अनुभवी प्रशिक्षक संघ बांधताना आधी दोन कोपरे का शोधतात, याचे उत्तर या नियमात आहे.

पहिल्या टप्प्यात या कामाला पैसा नव्हता. मुंबईत लालबाग, परळ, दादर, वरळीच्या गिरणगावात, पुण्याच्या पेठांत, सांगली-कोल्हापूरच्या आखाड्यांशेजारी आणि कोकणातल्या वाड्यांत क्रीडा मंडळे होती. दादरचा विजय क्लब किंवा अमर हिंद मंडळ यांसारख्या संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू घडवले. पाळी संपवून आलेला गिरणी कामगार संध्याकाळी चाळीमागच्या मातीत उतरे. मैदान पाणी मारून, चाळलेली माती पसरून खेळाडूच तयार करत. एका मंडळाची रांग दहा-दहा वर्षे तीच राहायची. डावा कोपरा आणि डावा कव्हर एकाच चाळीत वाढलेले, कधी सख्खे भाऊ असायचे. स्पर्धा जिंकली तर ढाल मंडळाच्या कपाटात जायची आणि रोख बक्षीस आले तर ते पुढच्या स्पर्धेच्या प्रवासखर्चात संपायचे. पोट गिरणीवर चाले, खेळ मंडळावर.

दुसरा टप्पा कंपन्यांनी आणला. रेल्वे, बंदर, बँका, खत कारखाने, तेल कंपन्या, पोलीस यांनी आपापले संघ उभे केले आणि त्यासाठी खेळाडूंना नोकरीत घेतले. महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, देना बँक, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, मुंबई पोर्ट ट्रस्ट, मध्य आणि पश्चिम रेल्वे, महाराष्ट्र पोलीस ही नावे कबड्डीच्या कार्यक्रमपत्रिकेवर संघ म्हणून छापली जाऊ लागली. स्थानिक स्पर्धांत मंडळांच्या गटांबरोबर ‘विशेष व्यावसायिक गट’ सुरू झाला. महाराष्ट्रात व्यावसायिक कबड्डी सुरू झाली ती इथे. २०१४ च्या कितीतरी आधी खेळाच्या जोरावर पगार घेणारी माणसे राज्यात होती. फक्त त्यांचा पगार हजेरीपटावर लागायचा आणि पदनाम कारकून, खलाशी, हवालदार किंवा तंत्रज्ञ असे असायचे.

या व्यवस्थेत पकडपटूला चढाईपटूच्या बरोबरीने न्याय मिळाला, असे म्हणायला हरकत नाही. पगार गुणांवर अवलंबून नव्हता. कंपनीला सात जागा भरायच्या असत आणि कोपऱ्याची जागा रिकामी ठेवून चालत नसे. पाच-सात वर्षे खेळून गुडघा गेला तरी नोकरी जात नसे. खेळाडू साठीपर्यंत कामावर राही, निवृत्तिवेतन किंवा भविष्यनिधी मिळे, आणि कितीतरी जण उरलेला वेळ आपल्या मंडळाच्या पोरांना शिकवण्यात घालवत. संघ बदलायचा तर नोकरी बदलावी लागे, म्हणून बदल क्वचित होत. अर्जुन पुरस्कारांच्या यादीत सदानंद शेट्ये (१९७२), शकुंतला खटावकर, शांताराम जाधव, अशोक शिंदे ही महाराष्ट्राची नावे याच काळातली. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डीचे प्रात्यक्षिक झाले, १९९० च्या बीजिंग स्पर्धेपासून ती पदकाचा खेळ झाली आणि तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांचे प्रत्येक सुवर्णपदक भारताने घेतले. या संघांत जाणाऱ्या खेळाडूंना रेल्वे, सेनादल, पोलीस आणि सार्वजनिक कंपन्या पोसत होत्या.

मात्र ही सोय राज्यभर सारखी नव्हती. बहुतेक कंपनी संघांची मुख्यालये मुंबईत होती. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेला, जालना रस्त्यावरचे चिकलठाणा घेतले तर विमानतळाशेजारच्या या गावाला लागून साठ-सत्तरच्या दशकांत औद्योगिक वसाहत वाढली, पण मुंबईसारखी कंपनी संघांची परंपरा मराठवाड्यात रुजली नाही. इथल्या मुलाचा रस्ता वेगळा राहिला. शाळेच्या संघातून तालुका, जिल्हा, विभाग असे टप्पे चढायचे, गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा विद्यापीठ परिसरातील भारतीय खेळ प्राधिकरणाच्या केंद्रात सराव पाहायचा आणि मग नोकरीचे दार शोधायचे. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १४ याच शहरात आहे, त्यामुळे अंगापिंडाने भक्कम मुलासाठी पोलीस भरती हे सर्वात जवळचे दार. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयात होते. मराठवाड्यातल्या कबड्डीपटूच्या आयुष्यात हा कागद कित्येकदा पदकापेक्षा मोलाचा ठरतो. ज्याला या रस्त्याने नोकरी मिळाली नाही, तो पुण्या-मुंबईला जाऊन तिथल्या मंडळाकडून खेळू लागला. फिरस्तीची सवय इथल्या पकडपटूला लिलावाच्या आधीच लागलेली होती.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे राहिले नाही. मैदाने आक्रसली, मंडळांचे कामगार सभासद पांगले. दुसरीकडे राष्ट्रीय पातळीवर हरियाणा, रेल्वे आणि सेनादल यांचे वजन वाढत गेले. पुढे खेळ मातीवरून मॅटवर आला आणि पकडपटूच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता. मातीत पाय रुततो, चढाईपटूचा वेग मरतो, खाली झेप घेणाऱ्याला माती झेलते. मॅटवर बूट घालून खेळावे लागते, पाय घट्ट पकडतो, वळण्याचा वेग वाढतो आणि गुडघ्यावर ताण येतो. मातीतला जुना कोपरारक्षक ताकदीने ओढून ठेवायचा. मॅटवरच्याला वेळ साधावी लागते. महाराष्ट्राच्या कितीतरी मंडळांकडे मॅट नव्हती, तेव्हा त्यांचे खेळाडू जिल्ह्यात मातीवर आणि राष्ट्रीय स्पर्धेत मॅटवर असे दोन वेगळे खेळ खेळत होते. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला हरवून विजेतेपद घेतले, ते ११ वर्षांच्या खंडानंतर.

तिसरा टप्पा २०१४ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी मे महिन्यात मुंबईत प्रो कबड्डी लीगचा पहिला लिलाव झाला आणि २६ जुलैला मुंबईतच पहिला सामना. आठ संघ होते, त्यांत यू मुंबा आणि पुणेरी पलटण हे महाराष्ट्राचे. पहिल्या लिलावातली सर्वोच्च बोली राकेश कुमारसाठी होती, पाटणा पायरेट्सने लावलेली, १२ लाख ८० हजारांची. चारच वर्षांनी, २०१८ मध्ये, एक कोटीचा आकडा गाठला गेला. त्या वर्षी सहा खेळाडू कोटीत गेले आणि सर्वात मोठी बोली मोनू गोयत या चढाईपटूवर, १ कोटी ५१ लाखांची लागली. पण लीगच्या इतिहासात सर्वात आधी कोटीची बोली लागली ती एका पकडपटूवर : इराणचा डावा कोपरारक्षक फजल अत्राचली, यू मुंबासाठी. आकडेवारीत मागे राहणाऱ्या कामाची किंमत संघमालकांना तोवर कळली होती, आणि ती कळण्यात यू मुंबाच्याच जुन्या बचावफळीचा मोठा हात होता.

ती फळी मुळातून पाहण्यासारखी आहे. पहिल्या तीन हंगामांत यू मुंबाच्या डाव्या कोपऱ्यात सुरेंदर नाडा, उजव्या कोपऱ्यात मोहित छिल्लर, आणि कव्हरला जीवा कुमार व मुंबईचा विशाल माने असे चौघे उभे राहिले. कर्णधार आणि मुख्य चढाईपटू अनुप कुमार हा संघाचा चेहरा होता, पण सामने ही चौकडी धरून ठेवायची. तिन्ही हंगामांत संघ अंतिम फेरीत गेला आणि २०१५ मध्ये विजेता ठरला. २०१६ मध्ये चौथ्या हंगामाच्या लिलावात चौकडी फुटली. छिल्लरवर बंगळूर बुल्सने ५३ लाखांची, म्हणजे त्या वर्षीची सर्वोच्च बोली लावली. नाडाही बंगळूरला गेला, माने बंगाल वॉरियर्सकडे, आणि जीवा एकटाच मुंबईत राहिला. त्या हंगामात यू मुंबाला उपांत्य फेरीही गाठता आली नाही. कर्णधार तोच, तरी संघ कोसळला. पकड ही एकट्याची कला नसून शेजाराची कला आहे, याचा इतका स्वच्छ पुरावा लीगने पुन्हा दिलेला नाही. नाडा आणि छिल्लर पुढच्या वर्षी पुन्हा एकत्र दिसले ते हरियाणा स्टीलर्समध्ये. जोडी एकत्र घेण्याचे शहाणपण काही प्रशिक्षकांकडे होते.

विशाल मानेची वाटचाल या पेशाचा उत्तम नमुना आहे. यू मुंबाकडून २०१५ चे विजेतेपद, मग बंगाल, मग २०१७ मध्ये पाटणा पायरेट्सकडून दुसरे विजेतेपद, आणि त्यानंतर दबंग दिल्लीकडून सहावा व सातवा हंगाम. पाच वर्षांत चार शहरे, चार भाषांचे ड्रेसिंग रूम, चार वेगळे कोपरे. कव्हरच्या माणसाला हे बदल सर्वात जास्त भोवतात, कारण त्याची अर्धी पकड शेजारच्या कोपरारक्षकाने सुरू केलेली असते. तरीही माने गेला तिथे बचाव सावरला. लीगमधल्या मराठी पकडपटूंत त्याचे काम सर्वात कमी बोलले गेले आणि सर्वात जास्त उपयोगी पडले, असे म्हणावे लागेल. डावा कोपरारक्षक गिरीश इरनाकचाही प्रवास असाच आहे. बंगालकडून नाव झाल्यावर पाचव्या ते सातव्या हंगामात तो पुणेरी पलटणमध्ये स्थिरावला, २०१८ च्या हैदराबादच्या विजेत्या महाराष्ट्र संघात आणि त्याच वर्षीच्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या भारतीय संघात खेळला, नंतर गुजरात जायंट्सकडे आणि तिथून पुन्हा बंगालकडे गेला. जकार्तात भारत उपांत्य फेरीत इराणकडून हरला आणि २८ वर्षांची सुवर्णपरंपरा तुटली. ज्यांच्या पकडींनी ती तोडली त्यांतले बरेच जण प्रो कबड्डीतच घडले होते. याआधीच्या पिढीतला नीलेश शिंदे पहिल्या हंगामात बंगाल वॉरियर्सचा कर्णधार होता, तेव्हा त्याच्या मागे मुंबईच्या स्पर्धांची अनेक वर्षे जमा झालेली होती. त्याच्यासारख्यांच्या वाट्याला लीग आली ती कारकिर्दीच्या उतारावर.

खुद्द अत्राचलीचा आलेख पाहिला तर बाजाराची चाल कळते. २०१८ मध्ये १ कोटी. २०२२ मध्ये पुणेरी पलटणने १ कोटी ३८ लाख मोजले, २०२३ मध्ये गुजरातने १ कोटी ६० लाख. २०२४ मध्ये बंगालने त्याला घेतले ते ५० लाखांना. त्याच हंगामात तो पकडींचे ५०० गुण पूर्ण करणारा लीगमधला पहिला खेळाडू ठरला. इतक्या थोर पकडपटूची किंमत एका वर्षात तिसऱ्या हिश्श्यावर येते, तर यादीच्या तळाशी असलेल्या कोपऱ्याच्या पोराचे काय होत असेल ते उघड आहे. २०२३ च्या लिलावात अ गटाची पायाभूत किंमत ३० लाख, ब गटाची २०, क गटाची १३ आणि ड गटाची ९ लाख होती. बहुसंख्य पकडपटू खालच्या दोन गटांत असतात. नाव पुकारले जाते, काही क्षण कोणी फलक उचलत नाही, आणि निवेदक पुढच्या नावाकडे वळतो. एवढ्यात एका माणसाचे वर्ष ठरते. करार हंगामापुरता. २०२० मध्ये साथीमुळे हंगामच झाला नाही, आणि पुढचा २०२१-२२ चा हंगाम प्रेक्षकांविना बंगळूरच्या एकाच हॉटेलात उरकला. ज्यांना कायम नोकरी होती त्यांनी तो काळ काढला. ज्यांच्याकडे फक्त करार होता त्यांचे हाल झाले.

अशाच प्रकारच्या पेशाची जुनी आवृत्ती अमेरिकन फुटबॉलमध्ये सापडते. तिथल्या व्यावसायिक लीगची स्थापना १९२० ची आणि नव्या खेळाडूंच्या निवडीची पद्धत १९३६ पासूनची. आक्रमणाच्या रांगेतले पाच ‘लाइनमन’ चेंडूला जवळजवळ हात लावत नाहीत. समोरच्या धिप्पाड माणसांना काही सेकंद अडवून धरणे एवढेच त्यांचे काम, आणि त्यांच्या नावावर गुण चढत नाहीत. संघात ५३ जणांना जागा असते. त्यात बसणे, गळणे, सराव पथकात राहणे आणि दुसऱ्या शहरातून बोलावणे येणे यातच कित्येकांची उमेद निघून जाते. फरक शरीराचा आहे. तिथला लाइनमन सर्रास १४० किलोंचा असतो. कबड्डीत वरिष्ठ पुरुषांना ८५ किलोंची मर्यादा आहे, त्यामुळे इथल्या पकडपटूला स्पर्धेच्या वजनाआधी जेवण तोडून, धावून, घाम काढून काटा गाठावा लागतो आणि तरी ताकद टिकवावी लागते.

हा खेळ महाराष्ट्राच्या दारीही येऊन गेला. २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाचा पहिला हंगाम झाला. माइक डिटका आणि कर्ट वॉर्नर यांसारखी अमेरिकन फुटबॉलमधली मोठी नावे तिच्यामागे होती. आठ संघांत पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स होते. हंगाम कोलंबोत खेळला गेला आणि पुणे मराठाजने तो जिंकला. इतर खेळांतून आलेल्या भारतीय तरुणांनी शिरस्त्राण आणि खांद्याची कवचे चढवून हा अनोळखी खेळ शिकून घेतला, पण लीग टिकली नाही आणि रांगेत उभे राहून पगार घेण्याची ती संधी फार काळ राहिली नाही. २०१९ मध्ये पुण्यातून सुरू झालेली इंडो इंटरनॅशनल प्रीमियर कबड्डी लीगसुद्धा एका हंगामानंतर थांबली. लीग काढणे सोपे असते, चालवणे अवघड. मध्ये अडकलेल्या खेळाडूची वर्षे परत मिळत नाहीत.

महिला पकडपटूंना तर तिसरा टप्पा नीट मिळालाच नाही. २०१२ मध्ये पाटण्याला झालेल्या पहिल्या महिला विश्वचषकात भारत जिंकला, तेव्हा महाराष्ट्राच्या दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे यांना राज्य शासनाने प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. २०१६ मध्ये प्रो कबड्डीबरोबर तीन संघांची महिला स्पर्धा झाली, अंतिम सामना एका गुणाने निकाली लागला, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा भरलीच नाही. मराठी मुलींच्या कबड्डीचा आधार आजही शिवशक्तीसारखी मंडळे, रेल्वे आणि पोलीस हाच आहे.

कारकिर्दीचा शेवट शरीर ठरवते. पट काढणाऱ्याची बोटे वाकतात, खांदा निखळतो, आणि बाजूने आलेल्या धडकेत गुडघ्याचे अस्थिबंध फाटतात. पूर्वी हा शेवट नोकरीत सामावून जायचा. ती सोय आता ओसरत चालली आहे. देना बँक एप्रिल २०१९ मध्ये बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली, एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये खासगी झाली, आणि कबड्डी संघ पोसणाऱ्या संस्थांची यादी आखूड झाली. शिखरावर पैसा वाढला आहे हे खरे. २०२३ मध्ये मोहम्मदरेझा शादलूई या इराणच्या कोपऱ्यावर पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख खर्च केले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद घेतले. त्या संघाचा कर्णधार तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार होता आणि त्याच्या बचावफळीतले बहुतेक जण काही हंगाम एकत्र राहिलेले होते. पण १२ संघ, प्रत्येकी जास्तीत जास्त २५ खेळाडू, म्हणजे देशभरात तीनशे जागा, त्यांतल्या निम्म्या-अर्ध्या बचावाच्या. महाराष्ट्राच्या मातीवर आणि मॅटवर खेळणाऱ्या हजारो कोपऱ्यांना आणि कव्हरना पोसण्याचे काम लिलाव करू शकत नाही. ते काम हजेरीपटाने केले होते. राज्यातल्या कारखान्यांनी आणि महामंडळांनी, चिकलठाणा-वाळूजसारख्या वसाहतींनीही, खेळाडू भरती पुन्हा सुरू केली तरच हा पेशा पेशा म्हणून उरेल.